मानेतला जन्मजात दोष वेळीच ओळखा

गाळप हंगामात वाळवा, कराड भागात फडाच्या बांधाला ट्रॉली लागते. डोक्यावर उसाची मोळी घेतलेली बाई अरुंद फळीवरून तोल सांभाळत वर चढते. तो सगळा भार पेलतात मानेचे सात मणके. पैलवान खाशाबा जाधवांच्या या मुलखातल्या तालमींत पोरं डोकं मातीत टेकवून, अंगाची कमान करून मान कसतात. निरोगी मान हे सोसते. पण हाडांची घडणच सदोष असेल तर?

मानेचा पहिला मणका म्हणजे हाडाचं गोल कडं. दुसऱ्या मणक्यातून वर आलेल्या सुळक्याभोवती ते फिरतं. जात्याची वरची तळी खिळ्याभोवती फिरावी तसं. मान डावी-उजवीकडे वळते त्यातलं जवळपास निम्मं वळण या एका सांध्यात होतं. काहींमध्ये हा सुळका जन्मापासून सुटा असतो, तर काहींमध्ये तो कवटीच्या तळात घुसतो. मग शेजारचा मज्जारज्जू दाबला जाण्याचा धोका असतो.

दुसरा प्रकार मणके जन्मतःच एकमेकांना जोडलेले असण्याचा. फ्रान्सच्या मॉरिस क्लिपेल आणि आंद्रे फील यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. आखूड मान, मागे खालपर्यंत उतरलेले केस आणि जेमतेम वळणारी मान ही त्याची लक्षणं. तिन्ही एकत्र दिसतातच असं नाही.

मज्जारज्जूवर दाब आला की खुणा भलतीकडेच दिसतात. शर्टाचं बटण लागत नाही, भाकरी थापताना बोटं साथ देत नाहीत. चालताना पायातली चप्पल निसटते आणि कळतही नाही.

यावर उपचार आहेत आणि त्यातला एक महत्त्वाचा मार्ग महाराष्ट्रातूनच जगाला मिळाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. अतुल गोयल आणि डॉ. लाहेरी यांनी १९९४ मध्ये पहिले दोन मणके पट्टी आणि स्क्रूने जखडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे जर्मनीच्या युर्गेन हार्म्स यांनी तिच्यात बदल केला. आज ती गोयल आणि हार्म्स यांच्या नावाने ओळखली जाते.

म्हणून मुलाची मान आखूड असेल किंवा नीट वळत नसेल, तर तालमीत घालण्याआधी मानेचा एक्स-रे काढून घ्या. डॉक्टरांना गरज वाटल्यास एमआरआयही करा. आणि हातापायांत मुंग्या, अशक्तपणा असेल तर केस कापून झाल्यावर दुकानात मान कटकन मोडून घेऊ नका. आधी मिरज किंवा कराडच्या मोठ्या रुग्णालयात जाऊन मान तपासून घ्या.