वल्ह्यांच्या वेगाने भेडाघाट

मराठी वाचकाला नर्मदा भेटली ती चालणाऱ्यांकडून. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’पर्यंत ही नदी काठाकाठाने आपल्या घरात आली. परिक्रमेचा दंडकच तसा आहे. मैया सदैव उजव्या हाताला ठेवायची आणि तिचा प्रवाह ओलांडायचा नाही. नावेत बसायचे ते दक्षिण तीर संपल्यावर, समुद्रमुखाशी, विमलेश्वरहून मिठीतलाईला जाताना.

त्यामुळे जबलपूरजवळचा भेडाघाट परिक्रमावासी पाहतो तो वरून. पण ही जागा खरी कळते ती पाण्यातून, आणि तीही सावकाश.

धुवाँधार धबधब्यात सुमारे ३० मीटर खाली कोसळलेली नर्मदा पुढे संगमरवरी कड्यांच्या चिंचोळ्या घळीत शिरते. पंचवटी घाटावरून निघालेली नाव त्याच घळीतून उलट, प्रवाहाच्या वरच्या अंगाला जाते. नावाडी वल्ही मारतात, कडे जवळ येऊ लागतात आणि काठावरचा गलबला हळूहळू मागे पडतो. हा दगड मॅग्नेशियमयुक्त चुनखडीपासून बनलेला. उन्हात तो पांढरा दिसतो, सावलीत निळसर, मधूनच गुलाबी किंवा राखी. कुठे काळपट खडकाच्या शिरा त्याला छेदून गेलेल्या. ‘बंदरकूदनी’पाशी दोन्ही कडे इतके जवळ येतात की पूर्वी माकडे या तीरावरून त्या तीरावर उडी मारत, असे सांगतात. ‘भूलभुलैया’त तर समोरची वाट संपल्यासारखीच वाटते; वळण घेतल्यावरच पाणी पुढे दिसते.

ही सारी नावे आपल्याला कळतात ती नावाड्याच्या तोंडून. वल्ही मारता मारता तो यमक जुळवत हिंदीत वर्णन करतो. त्यात पुराण असते, खडकांचे आकार असतात, सिनेमाही असतो. ‘जिस देश में गंगा बहती है’ (१९६०) इथे चित्रित झाला, हे सांगितल्याशिवाय त्याचे कवन पुरे होत नाही. या कवनाचा ताल वल्ह्याच्या फटक्याशी बांधलेला आहे. यंत्राची नाव आली तर पहिला बळी त्याचा जाईल, अशी भीती मला वाटते.

वेगापुढे संथ जलवाटा हरतात, हे इंग्लंडमध्ये घडून गेले आहे. तिथले अरुंद कालवे माणसांनी खणले ते कोळसा आणि माल वाहायला. रेल्वे आणि मोटारींनी तो धंदा खाल्ला. १९३९ साली एल. टी. सी. रोल्ट ‘क्रेसी’ नावाच्या लांबट होडीतून या कालव्यांवर निघाले, आणि १९४४ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकामुळे लोकांना त्या संथ जलवाटांची किंमत कळली. १९४६ साली त्या वाचवण्यासाठी संस्था उभी राहिली. आज तिथे ताशी चार मैल ही वेगमर्यादा आहे, आणि लोक सुटी काढून त्या वेगाने जायला येतात.

भेडाघाटाच्या संथपणात धोकाही आहे. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांच्या १८७१ सालच्या पुस्तकात रेल्वेमार्गाची पाहणी करणाऱ्या दोघा इंग्रज अभियंत्यांची हकीकत आहे: माश्यांच्या हल्ल्यातून सुटण्यासाठी दोघांनी पाण्यात उडी घेतली, त्यातले बॉडिंग्टन बुडाले. पावसाळ्यात तर नौकाविहार बंदच असतो. वरच्या अंगाला बरगी धरण आहे. तिथून पाणी सोडले की घळीतली पातळी चढते आणि नावा काठाला लागतात. याच धरणाने १६२ गावांना झळ पोचवली. तिथल्या विस्थापितांपैकी कित्येकांना पुढे त्याच जलाशयावर मासेमारी करून पोट भरावे लागले. नर्मदेवरच्या होडीबद्दल लिहिताना मासेमारीची ही होडी वगळता येत नाही.

२०२१ साली भेडाघाट-लम्हेटाघाट परिसर युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेला, तो निसर्गवारसा म्हणून. खडक टिकतील. नावाड्यांचे कवन मात्र बापाकडून मुलाकडे तोंडीच जाते. जबलपूरच्या राणी दुर्गावती विद्यापीठाने ते नावेत बसून, वल्ह्यांच्या आवाजासकट, ध्वनिमुद्रित करून ठेवावे. चार नावाड्यांचे कवन ऐकले तर चार पाठ मिळतील. ते चारही जपायला हवेत.