पायथॉनचा पत्ता

सकाळी ६.३०
काशीतला, बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधलेला घाट. खाली कललेलं रत्नेश्वराचं देऊळ, पलीकडे मणिकर्णिका. वरच्या गल्लीत एका प्रोग्रामरची भाड्याची खोली. गडी साताऱ्याचा, काम पुण्याच्या कंपनीचं. कंत्राटी, तासाला ७०० रुपये. कुल्हडातला चहा १० रुपये.

८.१५
पुण्याहून फोन. "अरे, तुझी स्क्रिप्ट क्लायंटच्या सर्व्हरवर चालत नाहीये. फाइल नाही म्हणतंय." फाइल तर तिथेच आहे.

९.००
तो स्क्रिप्टची फक्त पहिली ओळ बघतो. '#!' च्या पुढे पायथॉनचा पूर्ण पत्ता. लिनक्स तिथे जाऊन पायथॉन उठवतं. तिथे कुणी नसलं की फाइलच नाही म्हणून मोकळं होतं. नवखा माणूस इथे अर्धा दिवस घालवतो. पत्ता निघाला याच्याच लॅपटॉपवरच्या होम फोल्डरातला. सर्व्हरवर तो कुठून असणार!

११.४०
हा पत्ता कुणी हाताने लिहिलेला नाही. स्क्रिप्टच्या साच्यात नुसतं '@पायथॉन@' असतं. बिल्डच्या वेळी सीमेक या बिल्ड टूलचं फाइंड-प्रोग्राम पायथॉन शोधतं, सापडलेला पत्ता कॉन्फिगर-फाइल साच्यात भरतं. मागच्या बिल्डला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू राहिलं होतं. 'पाथ'मध्ये तेच सगळ्यांत पुढे, म्हणून तेच सापडलं.

१२.२०
लाइट गेली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम. लॅपटॉप मांडीवर, घाटाकडची खिडकी धुरामुळे बंद.

दुपारी २.००
एन्व्हायर्नमेंट बंद करून पुन्हा बिल्ड. पत्ता तोच! सीमेक एकदा मिळालेलं उत्तर कॅशमध्ये टिपून ठेवतं आणि पुन्हा शोधायला जात नाही. घर बदललं तरी पोस्टमन जुन्याच दारात, तसं. त्याने बिल्डचा फोल्डर साफ केला आणि '/यूएसआर/बिन/पायथॉन३' हा पत्ता कमांडमध्येच दिला.

पुण्याचा आग्रह '/यूएसआर/बिन/एन्व्ह' वापरण्याचा. तो नाही म्हणाला. मग क्लायंटच्या 'पाथ'मध्ये जो पायथॉन पुढे असेल तो चालणार. रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टला हा जुगार नको. मलाही त्याचंच पटलं.

५.३०
कोऱ्या कंटेनरमध्ये इन्स्टॉल. पहिली ओळ तपासली. चालली. बिल्डच्या टिपणात एक ओळ वाढवली: पायथॉनचा पत्ता बाहेरून द्यावा.

६.१०
बिलात ४ तास लावले, २,८०० रुपये. बाकीचे तास कंपनी धरत नाही.