रंगावर जाऊ नका : प्रेअरी क्लोव्हरच्या सख्ख्या बहिणी ओळखताना

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी कॅनडापासून टेक्सासपर्यंत जो गवताळ प्रदेश पसरलेला आहे, त्याला प्रेअरी म्हणतात. आज आपण त्यातल्या एकाच रानफुलापाशी थांबणार आहोत : प्रेअरी क्लोव्हर. शास्त्रीय नाव डेलिया.

आधी नावाचा घोळ निस्तरू. आपल्या बागेतला डेलिया तो हा नव्हे. त्याचं नाव स्वीडनच्या अँडर्स डाल यांच्यावरून पडलं, हिचं इंग्लंडच्या सॅम्युएल डेल यांच्यावरून. बरं, ही खरी क्लोव्हरही नाही. खरी क्लोव्हर म्हणजे आपण गुरांना घालतो त्या बरसीमची प्रजाती : तिच्या पानाला तीन पर्णिका, फुलात दहा पुंकेसर. प्रेअरी क्लोव्हरच्या फुलात पुंकेसर पाचच, आणि पाचांपैकी चार पाकळ्या पुंकेसरांच्या नळीवरच उगवलेल्या. म्हणून मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं १८०३ मध्ये हिला पेटॅलोस्टेमम, म्हणजे पाकळी-पुंकेसर, असं नाव दिलं होतं. रुपर्ट बार्नबी यांच्या १९७७ च्या ग्रंथानंतर ती डेलियात मोडू लागली. जुन्या पुस्तकात वेगळं नाव दिसलं तर बिचकू नका.

आता मुद्द्यावर येऊ. जांभळी (डेलिया पर्पुरिया) आणि पांढरी (डेलिया कँडिडा) या दोघी बऱ्याचदा एकाच माळावर शेजारी शेजारी असतात. फुलल्या असतील तर प्रश्नच नाही. दोघींचा फुलोरा कणसासारखा, फुलं खालून वर एकेका कड्यात उमलत जातात. जांभळीचे परागकोश केशरी-पिवळे, लांबूनही दिसतात. पण माळ पुन्हा उभा करणारी मंडळी बी गोळा करतात ती शरद ऋतूत. तेव्हा रंग कुठला? नुसती करडी-तपकिरी कणसं! चुकीचं बी पिशवीत गेलं की चुकीचं झाड माळावर जातं, आणि ते कळायला पुढे एक-दोन वर्षं जातात.

अशा वेळी पानं मोजावीत. जांभळीच्या पानाला सहसा पाच पर्णिका, क्वचित तीन किंवा सात, आणि त्या सुईसारख्या अरुंद. पांढरीच्या पाच ते नऊ, रुंद आणि सपाट. पानं गळली असतील तर वाळलेलं कणीसच भिंगाखाली धरायचं. फुलाच्या तळाशी जो हिरवा पेला असतो, तो जांभळीत मखमलीसारखा केसाळ. पांढरीत बहुधा गुळगुळीत. शिवाय पांढरीत कळीखालचं इवलं पान, ज्याला छद म्हणतात, ते पेल्यापेक्षा लांब असतं. त्यामुळे तिचं न उमललेलं कणीस काटेरी वाटतं. आम्हाला विचाराल तर हा पेला सगळ्यात भरवशाचा.

इथवर सोपं होतं. खरी परीक्षा आहे दक्षिणेत, टेनेसीतल्या नॅशव्हिलभोवतीच्या सीडर ग्लेडवर. चुनखडीचा कातळ, वर बोटभर माती, हिवाळ्यात पाणथळ आणि उन्हाळ्यात तापलेली. कोकणातल्या सड्यांवर हिंडलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल, फक्त दगड आणि ऋतू वेगळे. इथे गॅटिंगरची प्रेअरी क्लोव्हर (डेलिया गॅटिंगरी) वाढते. फुलं जांभळी, पर्णिका अरुंद, आणि संख्या जांभळीइतकीच! नुसत्या फुलाच्या फोटोवरून आम्हीही फसलो आहोत. इथे मोजणी कामाची नाही, झाडाची ठेवण पाहायची. जांभळी ताठ उभी राहते. गॅटिंगरी जमिनीलगत चहूकडे पसरते आणि फक्त शेंडे उचलते. तिचं कणीस लांबट आणि विरळ, आतला दांडा दिसतो. जांभळीचं गच्च भरलेलं असतं.

त्याच कातळांवर तिसरी बहीण भेटू शकते आणि तिच्याबाबत चूक परवडत नाही. पानाळ प्रेअरी क्लोव्हर, डेलिया फोलिओसा. अमेरिकेच्या संघराज्य सरकारनं १९९१ मध्ये तिला संकटग्रस्त ठरवलं. टेनेसी, अलाबामा आणि थेट उत्तरेला इलिनॉयमधल्या डे प्लेन्स नदीकाठचे डोलोमाइटचे माळ, इतकंच तिचं जग. फुलं फिकट जांभळी, आणि उमलतात उशिरा, जुलैअखेरीस ते ऑगस्टात. पण पान पाहिलं की शंका उरत नाही : एका पानाला वीस-तीस पर्णिका. आता कुणी म्हणेल, मग रेशमी प्रेअरी क्लोव्हरलाही (डेलिया व्हिलोसा) डझनभर किंवा जास्त पर्णिका असतातच की. असतात. पण ती रेताड जमिनीतली, आणि अंगभर रुपेरी लव. फोलिओसा गुळगुळीत. हात लावला की निकाल लागतो.

म्हणून फोटो काढायचा असेल तर फुलाचा एकच काढून थांबू नका. खोडाच्या मधल्या उंचीवरचं एक अख्खं पान, पर्णिका मोजता येतील असं, कणीस जवळून, सगळं झाड, उभं की पसरलेलं ते कळेल असं, आणि पायाखालची जमीन, रेती की कातळ. पर्णिका विसाच्या वर गेल्या तर पान तोडू नका. संघराज्य सरकारच्या जमिनीवर फोलिओसा तोडून नेणं हा गुन्हा आहे, आणि त्या कातळावर तिची मोजकीच झाडं असू शकतात. फोटो घ्या, जागा टिपा आणि तिथल्या वनस्पती-उद्यानाला किंवा राज्याच्या संवर्धन खात्याला कळवा.