रंग सांडतो कुठे, अडतो कुठे : गिम्पच्या स्क्रिप्टमधल्या रंगभरणीच्या चुका

आजचा विषय ऐकायला फार छोटा वाटतो. एका चित्रात रंग भरायचा, तोही हाताने नाही, स्क्रिप्ट लिहून. हाताने करायचं तर बादलीचं चित्र निवडायचं आणि टिचकी मारायची, संपलं. मग स्क्रिप्टमध्ये इतकं अडतं कुठे? तर हाताने भरताना आपले डोळे काम करत असतात. रंग चुकला की आपण लगेच मागे घेतो. स्क्रिप्टला डोळे नाहीत, हे आजचा सगळा वेळ लक्षात ठेवा.

उदाहरण माझंच देतो. एका छोट्या साप्ताहिकासाठी मी दर आठवड्याला पावसाचा नकाशा करून द्यायचो. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे आणि हवामान खात्याचे नेहमीचे रंग : सरासरीच्या उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांत असेल तर हिरवा, उणे २० ते उणे ५९ असेल तर लाल, वगैरे. ३६ वेळा टिचक्या मारायचा कंटाळा, म्हणून गिम्पमध्ये स्क्रिप्ट लिहिली. मागच्या आठवड्याची फाइल उघडायची, प्रत्येक जिल्ह्यातला एक बिंदू घ्यायचा, नवा रंग ओतायचा. दोन महिने छान चाललं. मग एका वाचकाचा फोन आला, मराठवाड्यातून. म्हणाले, "अहो, आमच्याकडे दुबार पेरणीची वेळ आलीय आणि तुम्ही आम्हाला हिरवं दाखवताय?" मी आकडे तपासले. आकडे बरोबर होते, लालच होते. स्क्रिप्टने एकही चूक दाखवली नव्हती. नकाशात मात्र जिल्हा हिरवा.

हे कसं झालं ते सांगतो, पण आधी सोप्या चुका उरकून घेऊ. सोप्या म्हणजे ज्या ओरडतात, लाल अक्षरात काहीतरी छापून थांबतात. मी गिम्प २.१० धरून बोलतोय.

पहिली, थ्रेशहोल्डची. म्हणजे शेजारचा पिक्सेल किती वेगळा असला तरी 'सारखाच' मानायचा. जुन्या 'एडिट-बकेट-फिल'मध्ये हा आकडा ० ते २५५ असायचा. नव्या पद्धतीत तो 'कॉन्टेक्स्ट-सेट-सँपल-थ्रेशहोल्ड'ला द्यायचा आणि तिथे मोजपट्टी ० ते १ आहे. सवयीने १५ लिहिलं की 'मर्यादेबाहेर' म्हणून अडतो. १५ भागिले २५५ करा, साधारण ०.०६ येईल. दुसरी, नवीन लेयर तयार केला, पण चित्रात घातलाच नाही. लेयर बनवणं आणि तो 'इमेज-इन्सर्ट-लेयर'ने चित्रात ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. तिसरी स्क्रिप्ट-फूवाल्यांची : रंगाच्या यादीपुढे अवतरणचिन्ह टाकून आत चलांची नावं लिहिली, तर त्या चलांच्या किमती जात नाहीत, नुसती नावं जातात. तिथे 'लिस्ट' वापरा. झालं. या चुका त्रास देतात, पण फसवत नाहीत.

आता न ओरडणाऱ्या. रंगापासून सुरू करू. पायथन-फूमध्ये पूर्णांक दिले तर ते २५५ पैकी धरले जातात आणि दशांश दिले तर १ पैकी. म्हणजे लाल म्हणून तुम्ही (१.०, ०.०, ०.०) लिहिलंत तर लाल. दशांशचिन्ह विसरून (१, ०, ०) लिहिलंत तर २५५ पैकी १, म्हणजे डोळ्यांना काळाच. तक्रार काही नाही, कारण तोही रंगच आहे की. दुसरं कारण, चित्र इंडेक्स्ड असणं. कुणीतरी जिफ किंवा ठरावीक रंगांची पीएनजी पाठवलेली असते. तिच्या रंगतक्त्यात तुमचा लाल नसेल तर गिम्प त्यातल्या त्यात जवळचा रंग उचलतो. नारिंगी, तपकिरी, जे असेल ते. आधी 'इमेज-कन्व्हर्ट-आरजीबी' करा. तिसरं, रंग बरोबर पण फिकट. यात बहुतेक वेळा मघाशी तुम्हीच हाताने ब्रश वापरताना अपारदर्शकता ४०वर ठेवलेली असते आणि स्क्रिप्टने तीच उचललेली असते. सुरुवातीला 'कॉन्टेक्स्ट-पुश', मग 'कॉन्टेक्स्ट-सेट-डीफॉल्ट्स', शेवटी 'कॉन्टेक्स्ट-पॉप'. घरात येताना चपला बाहेर काढाव्यात तसं.

खरा गोंधळ आहे तो रंग *कुठे* भरायचा याचा. यावर जरा थांबतो.

गिम्पमध्ये भरण्याच्या तीन आज्ञा आहेत आणि नावं जुळ्या भावांसारखी आहेत. 'ड्रॉएबल-फिल' आख्खा लेयर भरते, सिलेक्शनला विचारतही नाही. 'ड्रॉएबल-एडिट-फिल' सिलेक्शन असेल तर तेवढंच भरते, नसेल तर सगळं. आणि 'ड्रॉएबल-एडिट-बकेट-फिल' दिलेल्या बिंदूपासून सारख्या रंगाचा सलग भाग भरते, पण सिलेक्शनच्या बाहेर जात नाही. आता समजा मागच्या जिल्ह्याचं सिलेक्शन तसंच राहिलंय आणि नवा बिंदू त्याच्या बाहेर पडला. काय होईल? काहीच होणार नाही. चूकही येणार नाही. गंमत अशी, की जुनी 'एडिट-बकेट-फिल' नेमकी उलटी वागायची : सिलेक्शन असलं की ती तुमचा बिंदू विचारातच घ्यायची नाही, सिलेक्शन सगळं भरायची. म्हणून जुनी स्क्रिप्ट नव्या आज्ञेवर आणताना नुसतं नाव बदलून भागत नाही.

याचंच भावंड म्हणजे सिलेक्शनची क्रिया. सलग रंग निवडायच्या आज्ञेत पहिल्यांदा सांगावं लागतं, की जुन्या सिलेक्शनचं काय करायचं. आपल्याला वाटतं ० म्हणजे कोरी पाटी. नाही! ० म्हणजे 'वाढवा', आणि 'बदला' म्हणजे २. शून्य ठेवलंत तर पहिल्या जिल्ह्यात दुसरा मिसळतो, दोघांत तिसरा, आणि शेवटी ३६च्या ३६ जिल्हे शेवटच्या रंगाचे. आकड्यांऐवजी नावं लिहा, 'चॅनल-ऑप-रिप्लेस'. लांब आहे, पण वाचता तरी येतं.

मग बिंदू. 'सँपल-मर्ज्ड' चालू असेल, म्हणजे सगळे लेयर मिळून दिसणारं चित्र बघायचं असेल, तर बिंदू चित्राच्या कोपऱ्यापासून मोजला जातो. बंद असेल तर *त्या लेयरच्या* कोपऱ्यापासून. लेयर ४० पिक्सेल सरकलेला असेल तर तुमचा सोलापूरचा बिंदू शेजाऱ्याकडे जाऊन पडेल. शिवाय इथे उभा आकडा वरून खाली वाढतो. नकाशाच्या सॉफ्टवेअरमधून बिंदू आणलेत तर ते बहुधा खालून वर वाढणारे असतात, म्हणजे नंदुरबारचा पाऊस सिंधुदुर्गाकडे.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग तुमचा तो हिरवा जिल्हा का हिरवा राहिला?)

हां, तिथेच येतोय. माझ्या फाइलमध्ये दोन लेयर होते. खाली रंगांचा, वर रेषा आणि जिल्ह्यांची नावं, मल्टिप्लाय मोडमध्ये. बघायचं मर्ज्ड चित्र, भरायचं खालच्या लेयरवर. त्या आठवड्यात संपादकांनी नावांची अक्षरं मोठी करायला सांगितली. मी केली. आणि त्या जिल्ह्याचा बिंदू नेमका नावाच्या अक्षरावर आला. स्क्रिप्टने काय केलं? 'इथे काळा रंग आहे, याच्याशी सलग काळं सगळं निवडा.' रोमन लिपी असती तर एक अक्षर निवडलं गेलं असतं. आपली देवनागरी, शिरोरेखेने सगळं नाव एकमेकांना जोडलेलं! आख्खं नाव निवडलं गेलं आणि त्याच्या खाली इमानदारीत लाल रंग भरला. वर काळी अक्षरं, मल्टिप्लायमध्ये लाल गुणिले काळा म्हणजे काळाच. जिल्हा मागच्या आठवड्यासारखा हिरवा. खूप मोठं करून पाहिलं तेव्हा अक्षरांना लालसर कड दिसली.

ती कड कुठून आली हेही सांगतो, कारण ती मीच मुद्दाम ठेवलेली होती. रेषांच्या कडा काळ्या-पांढऱ्या नसतात, मध्ये करडे पिक्सेल असतात. नुसतं ओतलं तर रंग आणि रेषेच्या मध्ये पांढरा दोरा राहतो. म्हणून थेट बकेट-फिल न वापरता आधी सलग भाग निवडायचा, 'सिलेक्शन-ग्रो'ने एक पिक्सेल वाढवायचा, मग 'एडिट-फिल', मग 'सिलेक्शन-नन'. रंग रेषेखाली थोडा सरकतो आणि दोरा जातो. थ्रेशहोल्ड वाढवूनही दोरा जातो, पण मग फटी मोठ्या होतात. आणि कोकणाच्या नकाशात फटींना तोटा नाही. प्रत्येक खाडीच्या तोंडाशी किनाऱ्याची रेषा तुटलेली असते. एकदा रायगडमधून रंग निघाला तो खाडीतून थेट अरबी समुद्रात! तिथे स्क्रिप्टने काही होत नाही, मूळ रेषाच हाताने जोडून घ्यावी लागते. उलट, घारापुरी रायगड जिल्ह्यातच आहे, पण बेट. मोठ्या नकाशात तिथे रंग आपोआप पोचणार नाही, वेगळा बिंदू द्या.

मग मी स्क्रिप्टला डोळे दिले. फार मोठं काही नाही, दोन तपासण्या. भरण्याआधी 'इमेज-पिक-कलर'ने बिंदूवरचा रंग बघायचा. गडद असेल तर थांबायचं, अक्षर किंवा रेषा लागली. निवड झाल्यावर 'सिलेक्शन-बाउंड्स'ने तिची चौकट बघायची. चौकट चित्राच्या कडेला टेकली तर रंग समुद्रात किंवा समासात गेला, कारण माझ्या नकाशात कुठलाही जिल्हा कडेला टेकत नाही. चौकट नेहमीपेक्षा फारच लहान असेल तर नाव लागलं. दोन्ही वेळा स्क्रिप्ट जिल्ह्याचं नाव छापून थांबते. आणि मी मागच्या आठवड्याची रंगवलेली फाइल उघडणं बंद केलं. दर वेळी कोरी प्रत. राहिलेला जिल्हा पांढरा दिसतो, आणि पांढरा लगेच नजरेत भरतो.

(प्रश्न : हे सगळं ३.०मध्येही असंच चालेल का?)

गिम्प ३.० मार्च २०२५ मध्ये आलं. तिथे जुनी 'एडिट-बकेट-फिल' काढून टाकलीय, पायथन ३ आहे आणि रंग तीन आकड्यांचा न देता गेगल-कलर म्हणून द्यावा लागतो. तिथे निदान ओरडून सांगतं. सिलेक्शन, बिंदू आणि अक्षरांचं जे बोललो ते मात्र तसंच आहे. आणि हो, कन्सोलमधून चालवून पडद्यावर काहीच बदललं नाही तर घाबरू नका, 'डिस्प्लेज-फ्लश' म्हणायचं राहिलं असेल.

त्या वाचकांना पुढच्या अंकात दुरुस्ती छापून पाठवली. त्यांनी पुन्हा फोन केला, नकाशाबद्दल नाही, पाऊस कधी येईल ते विचारायला.