संस्थांची दप्तरे आणि समाजाची स्मृती

महाराष्ट्रात गेली काही वर्षे महोत्सवांची आहेत. नागपूर विद्यापीठाला २०२३ साली शंभर वर्षे पूर्ण झाली, पुणे विद्यापीठाने २०२४ साली पंचाहत्तरी गाठली आणि एकोणिसाव्या शतकात निघालेल्या अनेक शिक्षणसंस्था, ग्रंथालये व सभा यांनी तर शतक केव्हाच ओलांडले आहे. अशा प्रसंगी मांडव पडतो, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरतो आणि गुळगुळीत कागदावर स्मरणिका निघते. स्मरणिकेत संस्थापकांची छायाचित्रे असतात, मान्यवरांचे शुभसंदेश असतात, देणगीदारांची नामावळी असते. संस्थेचा इतिहास मात्र तीत क्वचितच सापडतो. तो असतो सभावृत्तांच्या वह्यांत, आवक-जावक नोंदींत, कीर्द-खतावणीत आणि प्रवेशाच्या रजिस्टरांत. ही दप्तरे बहुधा जिन्याखालच्या खोलीत कसरीच्या स्वाधीन झालेली असतात, किंवा महोत्सवासाठी इमारतीला रंग देताना रद्दीत गेलेली असतात.

इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्या प्रांतात असे व्हावे, हे विपरीत आहे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा केली व त्यांचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली बाहेर पडले. या कार्याचे ऋण आपण मानतो. परंतु १८१८ नंतरचे कागद हेही इतिहासाचेच साधन आहे, ही जाणीव आपल्या अंगी मुरलेली नाही. वस्तुतः पेशवे दप्तरातील रोजकीर्दी त्या काळच्या कारकुनांनी इतिहासकारांसाठी लिहून ठेवल्या नव्हत्या. उद्या कोणी हिशेब विचारला तर तो दाखविता यावा, एवढाच त्यांचा हेतू होता. हिशेबासाठी राखलेला कागद पुढे इतिहासाच्या कामी आला, हा त्यातील बोध आहे.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तर हा बोध अधिकच जवळचा वाटावा. ब्रिटिश राज्यकारभाराचे अर्थशास्त्रीय खंडन आपल्या पूर्वसूरींनी कशाच्या बळावर केले? दादाभाई नौरोजी यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. गणेश व्यंकटेश जोशी हे तर व्यवसायाने शाळामास्तर. परंतु सरकारी अहवालांचे बारकाईने वाचन करून त्यांनी जमीनमहसूल आणि सरकारी खर्च यांची जी चिकित्सा केली, तिचा गोखल्यांना त्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांसाठी मोठाच उपयोग झाला. १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांत प्रतिनिधी पाठवून माहिती जमविली आणि ती सरकारला सादर केली. सत्तेला प्रश्न विचारण्यासाठी लागणारे पहिले हत्यार म्हणजे नोंद. वक्तृत्वाचा क्रम त्यानंतरचा.

विद्यापीठांच्या बाबतीतही हेच आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. पुढे थोड्याच वर्षांत तेथील वरच्या परीक्षांतून मराठी व अन्य देशी भाषा गेल्या, आणि त्यांना पुन्हा स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी सिनेटमध्ये दीर्घकाळ चिकाटीने प्रयत्न केले. स्त्रियांना त्या विद्यापीठाची दारे १८८३ साली उघडली. आज या दोन्ही गोष्टी आपण एकेका वाक्यात सांगून मोकळे होतो. परंतु विरोध कोणी केला, कोणत्या कारणांसाठी केला, कोणाचे मत मध्येच बदलले, या प्रश्नांची उत्तरे सभावृत्तांतच शोधावी लागतात. निर्णय सर्वांना दिसतो. तो ज्या वादातून निघाला तो वाद कागदच जपतो. ज्या संस्थेचे कागद गेले, तिच्यात कधी मतभेद झालेच नाहीत असे पुढच्या पिढीला वाटू लागते, आणि मग प्रत्येक पिढी तोच वाद नव्याने, पूर्वीच्यांचे काहीही न शिकता, घालीत बसते.

हा केवळ संशोधकांच्या हौसेचा विषय आहे, असे कोणी म्हणेल. त्याने २०२३ साल आठवावे. मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि राज्यभर जुनी दप्तरे उघडली गेली. शाळांची प्रवेश रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, महसुली कागद चाळले गेले. मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. निजामकाळातील कागदांसाठी हैदराबादपर्यंत जावे लागले. त्या मागणीच्या योग्यायोग्यतेत येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु एखाद्या खेड्यातील शाळामास्तराने शंभर वर्षांपूर्वी बोरूने लिहिलेली एक ओळ आज एखाद्या कुटुंबाचे भवितव्य ठरवू शकते, हे त्या निमित्ताने सर्वांना दिसले. ज्या गावचे रजिस्टर वाळवीने खाल्ले, त्या गावच्या माणसाने आपली बाजू कशी मांडावी? सेवापुस्तक न सापडल्यामुळे निवृत्तिवेतनासाठी हेलपाटे घालणारा शिक्षक आणि जुन्या गुणपत्रिकेच्या पडताळणीसाठी विद्यापीठाच्या खिडकीशी ताटकळणारा विद्यार्थी यांना या प्रश्नाचे महत्त्व सांगण्याची गरज नाही.

नगरपालिकांच्या दप्तरांचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. जकात ही आपल्या शहरांच्या उत्पन्नाची एके काळची मुख्य बाब. राज्यातील बहुतेक महानगरपालिकांतून ती २०१३ पर्यंत, आणि मुंबईतून २०१७ साली गेली. कर गेला याचे व्यापाऱ्यांना दुःख नाही, आणि त्यांचे बरोबरच आहे. परंतु शहराच्या वेशीवर कोणता माल, किती व कोणत्या हंगामात आला, याची दैनंदिन नोंद ठेवणारी दुसरी यंत्रणा आपल्यापाशी नव्हती. एखाद्या शहराचा आहार कसा बदलला, घरबांधणी केव्हा वाढली, याचा शोध घेणाऱ्याला नाक्यावरच्या त्या नोंदींसारखे साधन मिळणार नाही. कर रद्द होताच कार्यालयाच्या दृष्टीने ते कागद निरुपयोगी ठरतात. अभ्यासाच्या दृष्टीने त्यांची किंमत नेमकी तेव्हापासून वाढू लागते.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या शिक्षणसंस्थेत मी फीमाफीच्या जुन्या याद्या पाहण्याची परवानगी मागितली होती. कोणत्या थरातील मुले शिकू लागली, हे मला तपासावयाचे होते. संबंधितांनी आदराने चहा दिला आणि त्या याद्या इमारतीच्या दुरुस्तीच्या वेळी ‘निकालात काढल्याचे’ सांगितले. कोणत्या ठरावाने, असे विचारता तो ठरावही सापडला नाही. त्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मला वाटत नाही. जागा हवी होती, आणि कागदांना कोणी वाली नव्हता.

वाली का नसतो, याचे कारण साधे आहे. दप्तर राखण्याचा खर्च आजच्या पदाधिकाऱ्याला करावा लागतो. त्याचा लाभ मात्र तीस-पन्नास वर्षांनी येणाऱ्या, आज मत नसलेल्या माणसाला मिळतो. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना व उशिरा मिळतो, तिच्यासाठी स्वेच्छेने पैसा निघत नाही. म्हणूनच कायदा लागतो. केंद्राने १९९३ साली सार्वजनिक अभिलेख अधिनियम केला, महाराष्ट्राने २००५ साली आपला केला. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे चौथे कलम तर प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून ठेवावेत, असे स्पष्ट सांगते. पण सूची नसेल तर मागणी कशाची करावयाची? ‘नस्ती आढळून येत नाही’ या चार शब्दांत हा अधिकार अनेकदा संपतो. खासगी सभा, मंडळे, कामगार संघटना यांचे कागद तर या व्यवस्थेच्या बाहेरच राहतात.

सर्वच कागद राखणे शक्य नाही, हा आक्षेप खरा आहे. तसे कोणी म्हणतही नाही. आपल्या सरकारी कचेऱ्यांत ‘अ’ वर्गाचे कागद कायमचे, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे, ‘ड’ वर्गाचे एक वर्ष, अशी वर्गवारी पूर्वापार आहे आणि ती शहाणपणाची आहे. दोष वर्गवारी करण्याच्या रीतीत आहे. कोणता कागद जगावा हे बऱ्याचदा कामाच्या ओझ्याखाली दबलेला एक लिपिक, कोणतेही प्रशिक्षण नसताना, मार्चअखेरीच्या घाईत ठरवितो. संगणकामुळे हा प्रश्न सुटला, असेही मानू नये. प्रतिमा काढून मूळ कागद फेकून देणे आणि त्या प्रतिमांची सूचीही न करणे, हा जुन्याच अनास्थेचा नवा प्रकार होय. २०१२ साली मंत्रालयाला लागलेल्या आगीने एकाच ठिकाणी, एकाच प्रतीत सर्व काही ठेवण्याचा धोका दाखवून दिलाच आहे.

ऑक्सफर्ड विद्यापीठाने आपल्या दप्तराचा स्वतंत्र अभिलेखपाल १६३४ साली नेमला. ते दूरचे वाटत असेल, तर बेंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राकडे पाहावे. तेथे २०१९ साली सार्वजनिक अभिलेखागार सुरू झाले. आपल्या विद्यापीठांना हे अशक्य नाही. प्रत्येक विद्यापीठात एक प्रशिक्षित अभिलेखपाल असावा; ठरावाविना व यादीविना एकही जुने दप्तर नष्ट होऊ नये; तीस वर्षांपलीकडचे कागद, खासगी तपशिलाला जपून, अभ्यासकांस खुले असावेत; आणि परिसरातील ज्या लहान संस्थांना आपले कागद सांभाळणे झेपत नाही, त्यांचे कागद विद्यापीठाने ठेव म्हणून स्वीकारावेत. एका महोत्सवी मांडवाच्या खर्चात या कामाचा आरंभ होऊ शकेल.

शासन हे करील तेव्हा करो. दरम्यान ज्या शाळेत, कचेरीत वा वाचनालयात आपण काम करतो, तेथील सर्वांत जुनी सभावृत्ताची वही कोठे आहे, एवढे तरी शोधावे. ती सापडल्यास कोरड्या कपाटात ठेवावी, तिची नोंद करावी, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे पुढच्याला सांगून जावे.