थोरली घरात, धाकटी डोंगरवाटेवर

‘द नाइटिंगेल’ ही क्रिस्टिन हॅना या अमेरिकी लेखिकेची कादंबरी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समधील दोन बहिणींची ही कथा. थोरली व्हिएन लुआर नदीच्या खोऱ्यातल्या एका गावात शिक्षिका आहे, संसारात रमलेली. धाकटी इझाबेल एकामागून एका शाळेतून हाकललेली, जिभेला हाड नसलेली. आई लवकर गेली आणि पहिल्या महायुद्धातून मनाने मोडून परतलेल्या बापाने दोघींना परक्याच्या दारी सोडले. तेव्हा थोरलीने धाकटीला जवळ केले नाही. हे शल्य कादंबरीभर ठसठसत राहते.

जून १९४० मध्ये पॅरिस पडते. शहर सोडून निघालेल्या लाखोंच्या लोंढ्यात इझाबेलची गेताँशी गाठ पडते आणि प्रेमकथा सुरू होते. खरे तर तिचे वळण ओळखीचे आहे. भेट, ताटातूट, पुन्हा भेट. खरी गुंतागुंत व्हिएनच्या घरात आहे. फ्रान्सच्या पाडावात सुमारे १८ लाख फ्रेंच सैनिक युद्धकैदी झाले, व्हिएनचा नवरा आंत्वान त्यांतलाच. गावात उरतात बायका, मुले आणि म्हातारे. रेशनच्या रांगा लांबत जातात आणि व्हिएनच्या घरी बेक हा जर्मन अधिकारी मुक्कामाला येतो. तो सभ्य आहे, त्याला घरी बायकामुले आहेत, तो आंत्वानपर्यंत पार्सल पोहोचवण्याची व्यवस्था करतो. एक दिवस तोच सहज विचारावे तसे शाळेतल्या ज्यू आणि कम्युनिस्ट शिक्षकांची नावे मागतो. व्हिएन ती लिहून देते, आणि त्यांत तिची जिवलग मैत्रीण राशेल हिचेही नाव असते. राशेलची नोकरी जाते. बेकविषयी वाटणारी ओढ आणि या यादीची लाज एकाच छपराखाली नांदतात. ऐतिहासिक प्रणयकथेला निव्वळ रंजनापलीकडे नेणारी जागा हीच.

पुढे जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनीच सुमारे १३ हजार ज्यूंची धरपकड केली, त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. ही घटना कादंबरीत येते तेव्हा व्हिएनला त्या यादीचा खरा अर्थ उमगतो. मग हीच भित्री बाई दुसऱ्यांची मुले लपवू लागते. तिचे शौर्य कुणाच्या नजरेत भरत नाही, कारण ते खोटी कागदपत्रे आणि बदललेली नावे यांत दडलेले असते.

इझाबेलचे धाडस मात्र नजरेत भरणारे. पाडलेल्या विमानांतून वाचलेल्या दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांना ती पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये पोहोचवते. फ्रेंचमध्ये ‘रोसिन्योल’ म्हणजे नाइटिंगेल. तिचे गुप्त नाव आडनावातूनच आले आहे. या पात्रामागची प्रेरणा खरी, पण ती फ्रान्सची नव्हे, बेल्जियमची. ‘देदे’ म्हणून ओळखली जाणारी आंद्रे द योंग ऑगस्ट १९४१ मध्ये, वयाच्या २४व्या वर्षी, पिरेनीज ओलांडून बिल्बाओच्या ब्रिटिश वकिलातीत एका ब्रिटिश सैनिकाला आणि दोन बेल्जियन तरुणांना घेऊन उभी राहिली. पुढे ‘कॉमेट लाइन’ म्हणून गाजलेल्या या मार्गाने तिने स्वतः शंभराहून अधिक माणसे पलीकडे नेली. बास्क वाटाड्यांची रात्रीची चाल आणि थंडगार नदी ओलांडणे हा रोजचाच भाग. जानेवारी १९४३ मध्ये ती पकडली गेली. जाळ्याची प्रमुख आपणच, हे तिने कबूल केले, पण एवढीशी पोरगी हे चालवते यावर जर्मनांचा विश्वासच बसला नाही. राव्हेन्सब्र्यूकची छळछावणी भोगून ती वाचली, पुढे आफ्रिकेत कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली आणि २००७ मध्ये वारली. तिच्या वडिलांना १९४४ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. इझाबेलच्या वडिलांचे काय होते, ते कादंबरीतच वाचावे.

व्हिएनचे कारिव्हो हे गाव काल्पनिक आहे. १९९५ मधील ऑरेगनच्या किनाऱ्यावर आजारी म्हातारी माळ्यावरची जुनी पेटी उघडते, ती चौकटही रचलेलीच. ही म्हातारी म्हणजे दोघींपैकी कोण, हे हॅना अगदी शेवटपर्यंत लपवते. उत्तर कळल्यावर बहुतेक वाचक पुस्तक मिटत नाहीत, पुन्हा पहिल्या पानाकडे वळतात.