जहाजावरचा वीज-कारभार

विजेवर चालणाऱ्या मोठ्या जहाजात इंजिनाचा शाफ्ट प्रोपेलरला थेट जोडलेला नसतो. डिझेल इंजिने जनित्रे फिरवतात आणि त्यांची वीज प्रोपेलरच्या मोटरींपासून भटारखान्यापर्यंत सगळीकडे जाते. हा कारभार सांभाळणाऱ्या नियंत्रण यंत्रणेचे कौतुक होते ते इंधनबचतीसाठी, आणि ते रास्त आहे; कमी भारावर रेंगाळणारे डिझेल इंजिन प्रत्येक युनिटमागे जास्त तेल पिते. पण माझ्या मते तिची किंमत ठरते ती अडचणीच्या वेळी हाताशी उरलेल्या विजेवरून. एक जनित्र अचानक बंद पडले की सगळा भार उरलेल्यांवर येतो, वारंवारता घसरते आणि तीही एकामागून एक बंद पडू शकतात. म्हणून यंत्रणा क्षणार्धात मोटरींची शक्ती उतरवते, वातानुकूलनासारखे भार तोडते आणि सुकाणूची वीज राखते. आपल्याकडच्या भारनियमनासारखेच हे, फक्त वेळापत्रकाविना.

23 मार्च 2019 रोजी नॉर्वेच्या हुस्टाडविका किनाऱ्यालगत ‘व्हायकिंग स्काय’ हे असेच एक जहाज वादळात सापडले, तेव्हा त्याच्या चार जनित्रांपैकी एक आधीच नादुरुस्त होते. वंगणतेलाच्या टाक्यांत तेल कमी होते. जहाज हेलकावू लागले, पंपांनी तेलाऐवजी हवा ओढली, दाब पडला आणि उरलेली तिन्ही जनित्रे बंद झाली. तेराशेहून अधिक माणसे घेऊन जहाज खडकांकडे वाहत गेले. 479 जणांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले.

माणसे संकटात असताना यंत्रणेने इंजिने बंद का पडू दिली, असे कुणी विचारील. पण वंगणाविना इंजिनाची बेअरिंग्ज जळतात आणि मग ते पुन्हा सुरूच होत नाही. बंद करणे बरोबरच होते, चूक त्याआधीची. तीन जनित्रे म्हणजे तिहेरी आधार, हा हिशेब तिघांनाही एकच उणीव भोवणार असेल तर फसवा ठरतो. थेट शाफ्टचे जहाजही यातून सुटले नसते, कारण वंगण त्यालाही लागतेच. मग बॅटरी? नॉर्वेतच 2015 मध्ये लाविक–ओप्पेडाल मार्गावर ‘अँपिअर’ ही फेरी सुमारे 1 मेगावॅट-तासाच्या बॅटरीवर धावू लागली. तेवढी बॅटरी 10 मेगावॅटच्या मोटरींना जेमतेम सहा मिनिटे पुरेल. जनित्र पुन्हा सुरू होईतो ती मोलाची, पण रिकाम्या टाकीवरचा इलाज ती नव्हे.

त्या परिस्थितीत ‘व्हायकिंग स्काय’ने ट्रॉम्सो बंदर सोडायलाच नको होते, असा निष्कर्ष नॉर्वेच्या अपघात तपास मंडळाने 2024 च्या अहवालात काढला.